हरवलेला पाव किलोमीटर

दीपगृहाच्या फाटकापाशी पाच आकडा कोरलेला जो दगड आहे, त्याच्या डोक्यावरचा पिवळा रंग मधोमध उडालेला आहे आणि कडांना शाबूत आहे. उडालेला भाग साधारण लंबगोल असून त्याचं एक टोक समुद्राच्या बाजूला जरा पसरलेलं आहे. यावरून लोक त्या दगडावर बसतात, समुद्राकडे तोंड करून बसतात आणि उठायचं मनात नसताना बसतात, असे तीन निष्कर्ष मी काढले होते. चौथा निष्कर्ष, म्हणजे तो दगड मुळात चुकीच्या जागी आहे, हा माझ्या सायकलने काढला. तिने तो काढला नसता तर बरं झालं असतं, असं पुढे बेटावरच्या प्रत्येक माणसाने मला एकदा तरी ऐकवलं.

आमच्या बेटावर एकच रस्ता आहे. तो धक्क्यापाशी सुरू होतो आणि दीपगृहापाशी संपतो. एवढ्याशा रस्त्याला महामार्ग म्हणतात हे ऐकून पाहुणे हसतात. पण त्यात हसण्यासारखं काही नाही. पलीकडच्या किनाऱ्यावरचा महामार्ग तिकडच्या धक्क्यावर थांबतो आणि इकडच्या धक्क्यावर पुन्हा चालू होतो, त्यामुळे मधलं पाणी हाही कागदोपत्री महामार्गच. त्या पाण्यावर सरकारी खर्चाने मोठी फेरीबोट चालते. तिच्यात ट्रक मावतो, गॅसच्या टाक्या मावतात आणि वेळ आली तर रुग्णवाहिका मावते. ज्या बेटांवर महामार्ग नाही तिथे लहान लाँच जाते. तिच्यात माणसं मावतात, तीही एकमेकांशी पटत असेल तर. महामार्ग व्हायला रस्ता निदान पाच किलोमीटर लागतो. आमचा पाच होता, म्हणून बोट होती. हे सगळं बेटावरच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. तरीही जे झालं ते माझ्याच हातून झालं.

मी भौतिकशास्त्र शिकले आणि दीपगृहाशेजारच्या केंद्रात भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवते. घर धक्क्यापाशी. म्हणजे रोज अख्खा महामार्ग जायचं आणि अख्खा महामार्ग यायचं. इतकी वर्षं मी टेम्पोने जात होते. मग टेम्पोवाल्याने गाडीत गाणी लावायला सुरुवात केली आणि मी सायकल घ्यायचं ठरवलं.

सायकल घेणं ही खाजगी बाब आहे अशी माझी समजूत होती. ती बोटीवरून उतरेपर्यंतच टिकली. फेरीबोटीचे निवृत्त कप्तान आमच्या शेजारी राहतात. त्यांनी ती कुंपणावरून पाहिली आणि सीट फार उंच आहे म्हणाले. किराणा दुकानदारांनी ती फार खाली आहे असं सांगितलं. कप्तानांच्या बायकोचं म्हणणं पडलं की सीट ठीक आहे, पण या वयात सायकल हीच मुळात चूक आहे. माझं वय तेव्हा बेचाळीस होतं. नवरा काही बोलला नाही. तो शाळेत गणित शिकवतो आणि दिवसभर बोलून झाल्यामुळे घरी फारसं बोलत नाही. सासूबाईंनी तेवढं विचारलं, "पडलीस तर कुठल्या बाजूला पडशील?" मी म्हटलं, तसं आधी सांगता येत नाही. "मग मी रोज दोन्ही बाजूंना बघत बसू का?" असं म्हणून त्या आत गेल्या.

सायकलच्या हँडलला एक छोटा मीटर होता. चाकाचे फेरे मोजून तो अंतर दाखवायचा. पहिल्या दिवशी मी पाचव्या दगडापाशी उतरले आणि सवयीने आकडा पाहिला. पाचाला पाव कमी होता.

उपकरण आणि दगड यांच्यात वाद झाला तर आधी उपकरणाला दोषी धरायचं, हे आमच्या शिक्षणात असतं. मी मीटर पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव कमी. तिसऱ्या दिवशी कप्तानांनी मला दगडाशी वाकलेली पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत बातमी घरोघर गेली. दुकानदार म्हणाले, चाकात हवा कमी असेल. हवा भरली, तर कप्तान म्हणाले, आता जास्त झाली. टेम्पोवाल्याने आपलं मत कोणी विचारलेलं नसतानाही सांगितलं की टेम्पोत अंतर नेहमी बरोबर भरतं. माझ्यासारखी शास्त्र शिकलेली बाई साध्या सायकलला फसते यात सगळ्यांना एक निर्मळ आनंद मिळत होता आणि तो त्यांनी लपवला नाही.

मग मी टायरवर खडूची खूण केली आणि एका फेऱ्यात सायकल किती जाते ते घरातल्या लांब खोलीत मोजून पाहिलं. सासूबाईंनी फरशी नुकतीच पुसली होती. त्याबद्दल त्या जे बोलल्या ते शास्त्राच्या संदर्भातलं नव्हतं, म्हणून इथे देत नाही. मीटर अचूक होता.

आता सासऱ्यांविषयी सांगायला हवं. त्यांना आम्ही बाबा म्हणतो आणि बेट त्यांना पाठीमागे ओळंबा म्हणतं. गवंडी भिंत सरळ आहे का हे बघायला दोरीला जे वजन बांधून सोडतात तो ओळंबा. तरुणपणी ते पलीकडून रस्त्याचे ओव्हरसियर म्हणून आले, त्यांनी हा महामार्ग आखला, मोजला, बांधून घेतला आणि मग इथेच लग्न करून राहिले. घरातलं कॅलेंडर तिरकं लागलेलं त्यांना दुसऱ्या खोलीतून कळतं. पोळीची कड वाकडी दिसली तर जेवता जेवता ते ती फिरवून घेतात. रस्त्याबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे आणि ते त्यांनी माझ्या लग्नाच्या बोलणीतही माझ्या वडिलांना ऐकवलं होतं: वळसा ओढ्याने घालावा, रस्त्याने नाही. वडील घाबरून मान डोलवत राहिले.

आमचं दोघांचं तसं छान जमतं, कारण दोघंही मोजमापाची माणसं. पण दोन मोजमापाची माणसं एका घरात असली की तिसऱ्या आकड्याला जागा राहत नाही. मी जेवताना सहज म्हटलं की पाचवा दगड बहुतेक पाव किलोमीटर अलीकडे आहे. बाबांनी घास तोंडाशी धरला आणि परत ताटात ठेवला. त्यानंतर ते माझ्याशी थेट बोलेनात. जे सांगायचं ते सासूबाईंमार्फत यायला लागलं. "तिला सांग, दगडाला खोटं बोलता येत नाही." मी समोरच बसलेली असायचे. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "ऐकलंस ना?" आणि विषय संपवायच्या.

पुढची चूक मी अत्यंत सभ्यपणे केली. महामार्ग कार्यालयाला चार ओळी लिहिल्या: माझ्या उपकरणाची अचूकता तपासायची असल्याने आपल्याकडे नोंदलेली रस्त्याची नेमकी लांबी कळवावी. उत्तर आलं की आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली आहे. मी पुन्हा लिहिलं की ही तक्रार नाही. त्यावर आलं की तक्रार मागे घेण्यासाठी तक्रारदाराने कारण द्यावं. कारण काय देणार? मीटर बरोबर आहे, हे कारण तर नव्हतं, तीच तर अडचण होती. तिसऱ्या उत्तरात कळलं की फेरमोजणीसाठी अधिकारी येत आहेत आणि लांबी कमी भरल्यास दर्जाचा फेरविचार होईल.

दर्जाचा फेरविचार म्हणजे लाँच, हे बेटाला समजावून सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानदारांनी मला साखर तोलताना काटा दोनदा दाखवला. "बघून घ्या हं ताई, नंतर लिहून कळवाल." कप्तान कुंपणापाशी आले. त्यांचं आयुष्य त्या बोटीवर गेलेलं होतं. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते फक्त म्हणाले की त्यांच्या धाकट्या सुनेचे दिवस भरत आलेत, अडलीच तर तिला पलीकडे न्यावं लागेल, आणि रुग्णवाहिका लाँचवर चढत नाही. एवढं बोलून ते घरात गेले. त्या संध्याकाळी मी सायकल कुलूप लावून भिंतीकडे तोंड करून उभी केली, जणू तिचाच गुन्हा होता.

मग बेट कामाला लागलं. आमच्याकडे संकट आलं की प्रत्येकाला उपाय सुचतो आणि तो ऐकून घ्यावाच लागतो. दुकानदारांनी सुचवलं की रस्ता कडेकडेने मोजावा, वळणं बाहेरच्या अंगाने घ्यावीत. रस्त्याला वळणं दोनच आहेत, तीही बाबांनी नाइलाजाने ठेवलेली. हिशेब केला तर जेमतेम खोलीभर लांबी वाढत होती. टेम्पोवाला म्हणाला, अधिकाऱ्यांना टेम्पोतून न्या. कप्तानांचा उपाय मात्र विचार करण्यासारखा होता. धक्क्याचा उतार पाण्यात शिरतो. ओहोटीला तो उघडा पडतो, म्हणजे ओहोटीला महामार्ग लांब होतो. मोजणी वर्षातल्या सर्वात मोठ्या ओहोटीला ठेवली तर? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे माझंच खातं. मी तक्ते काढले, उताराचा कोन घेतला, मनापासून गणित केलं. पाण्याने अगदी मोठ्या मनाने माघार घेतली तरी दोन ट्रक उभे राहतील एवढाच रस्ता मिळत होता. हे सांगताना मला पहिल्यांदाच एखाद्या बरोबर उत्तराचा राग आला.

रविवारी नवऱ्याला टेपचं दुसरं टोक धरायला घेऊन मी रस्ता दगडागणिक मोजला. तो वाकून टेप धरायचा, उठायचा, पुढे जायचा आणि मधूनच, कोणाला उद्देशून नाही अशा सुरात, सुट्टीचा दिवस कसा निघून जातो याबद्दल बोलायचा. धक्क्यापासून पहिला दगड बरोबर. दुसरा बरोबर, वीतभरही फरक नाही. तिसरा बरोबर. चौथा पाव किलोमीटर अलीकडे. चौथ्यापासून पाचवा पुन्हा काटेकोर बरोबर.

मी रस्त्याच्या कडेला बसले. मोजण्यातली चूक अशी वागत नाही. ती थोडी थोडी सगळीकडे पसरलेली असते. सगळी चूक एकाच ठिकाणी गोळा झाली असेल तर तिथे काहीतरी घडलेलं असतं. मी हे मोठ्याने म्हटलं. नवरा टेप गुंडाळत म्हणाला, "तिथे काय घडणार? तिथे आईच्या माहेराशिवाय काही नाही."

अधिकारी आले ते बोट लागलेल्या अवस्थेत आले. धक्क्यावर उतरल्यावर बराच वेळ ते जमिनीवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. कप्तानांनी त्यांना लिंबाचं सरबत पाजलं आणि लाँच यापेक्षा फार जास्त हलते, हे दोनदा सांगितलं. स्वभावाने माणूस बरा होता. लांब दांड्याचं मोजणीचं चाक ढकलत ते धक्क्यापासून दीपगृहापर्यंत गेले, मागून अर्धं बेट. बाबा आले नाहीत. पाचव्या दगडापाशी अधिकाऱ्यांनी आकडा पाहिला, चाक झटकलं, पुन्हा पाहिला. मीटरने पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं तेच निघालं.

त्यांची अडचण आमच्यापेक्षा वेगळी होती, ती त्यांनी दगडावर बसून मोकळेपणाने सांगितली. रस्ता कमी भरला एवढं लिहून भागत नाही. सरकारच्या नोंदीतला पाव किलोमीटर रस्ता जागेवर नाही म्हटलं की वरून विचारणा होते: तो गेला कुठे? कोणी नेला? चौकशी बसते, आणि ती आधी मोजणाऱ्यावर बसते. म्हणून, ते म्हणाले, कमी झालेला रस्ता बेटावरच कुठे सापडत असेल तर त्यांना मनापासून आनंद होईल. उद्या शाळेत सगळ्यांना बोलवा. कोणाला काही ठाऊक असेल तर सांगू दे. नाही तर परतीच्या बोटीने अहवाल जाणार.

सगळे पांगले. मी सायकल घेऊन तिसऱ्या दगडापुढे आले आणि सासूबाईंच्या माहेराकडे जाणारी वाट लागते तिथे उतरले. बैलगाडी जाईल एवढी वाट आहे. आत जुनं घर, समोर अंगण, अंगणात विहीर. मामा, म्हणजे सासूबाईंचे भाऊ, तिथे जाळी ठेवतात. मीटर शून्यावर आणून मी सायकल हाताने आत नेली. विहिरीपाशी मामांचा कुत्रा वाट अडवून झोपला होता, म्हणून विहिरीला फेरी घालून मी परत रस्त्यावर आले. मग आकडा पाहिला.

पाव किलोमीटर. नेमका.

घरी गेले तर सासूबाई स्वयंपाकघरात डबे पुसत होत्या. मी काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची याची जुळवाजुळव करत होते. त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. आमच्या घरासमोरची माती काळी आहे आणि मामांच्या अंगणातली तांबडी.

"मोजलंस?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि जे सांगितलं ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं की जणू काल घडलं होतं. मोजणीच्या दिवशी एक ओव्हरसियर चाक ढकलत त्यांच्या अंगणात आला आणि पाणी मागितलं. त्या विहिरीवर होत्या. चाक बाहेर ठेवून का आला नाहीत, असं त्यांच्या वडिलांनी विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं की सरकारी चाक रस्त्यावर सोडून जाता येत नाही. मग उचलून आणायचं. तर म्हणाला, मोजणी चालू असताना चाक जमिनीवरून उचलायचं नाही असा नियम आहे. पाणी प्यायला. आणखी मागितलं. मग कुत्रा आडवा आला म्हणून विहिरीला फेरी घालून, चाक ढकलत, आला तसा गेला. "वडील म्हणाले, मुलगा वेडा दिसतो. मी म्हटलं, नियमाचा दिसतो."

इतक्या वर्षांनी ते काटेकोरपण मला लख्ख दिसलं. दुसरा कोणीही असता तर चाक कुंपणाला टेकवून आत गेला असता आणि महामार्ग कधी झालाच नसता. बाबा नियम पाळून आत गेले होते.

बाबा मागच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसले होते. मी शेजारी बसले. आरोप करायची माझी इच्छा नव्हती, आणि खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती. मी एक तांत्रिक प्रश्न विचारला.

"बाबा, मोजणी चालू असताना चाक उचलायचं नसतं ना?"

कित्येक दिवसांनी त्यांनी मला थेट उत्तर दिलं. "नसतं."

"आणि सरकारी चाक रस्त्यावर सोडायचंही नसतं."

"नसतंच."

"मग माणसाला तहान लागली तर त्याने काय करायचं?"

त्यांनी कपात पाहिलं. चहा निवला होता. कप त्यांनी बशीवर ठेवला, कान उजवीकडे येईल असा फिरवला, आणि म्हणाले, "तहान लागली नव्हती."

आतून आवाज आला, "बाटली भरलेली होती. खांद्याला लटकत होती पत्र्याची. मला तेव्हाच दिसली."

बाबांचे कान लाल झालेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. दीपगृहापाशी पोचल्यावर वजाबाकी करायचं त्यांनी ठरवलं होतं. पण तिथे त्यांचे साहेब आणि सगळं बेट उभं होतं. चाकावर पाच किलोमीटर भरलेले दिसताच टाळ्या पडल्या, साहेबांनी आकडा लिहून घेतला आणि कप्तान, तेव्हा बोटीवर साधे खलाशी होते, रडायला लागले. त्या टाळ्यांमध्ये वजाबाकी राहून गेली. तिथूनच, बाबा म्हणाले, नावाचं दुखणं सुरू झालं.

नावाची गोष्ट सगळ्या बेटाला माहीत होती, तिचं कारण कोणालाच माहीत नव्हतं. रस्ता पुरा झाला तेव्हा लोकांनी आदराने नाव द्यायचा मान बाबांना दिला होता. बाबा म्हणाले होते, विचार करून सांगतो. तेव्हापासून ते विचार करत होते. त्या विचारात त्यांचं लग्न झालं, मुलगा झाला, निवृत्ती झाली. पण एकदा दिलेला मान परत मागणं बेटाला बरं वाटेना, म्हणून रस्ता बिननावाचा राहिला. धक्क्यावरच्या पाटीवर महामार्गाचा क्रमांक आहे आणि खाली नावाची जागा कोरी आहे. रंगारी दर वर्षी क्रमांक काळ्या रंगाने गिरवतो आणि मग कोरी जागा पांढऱ्या रंगाने तितक्याच निगुतीने रंगवतो.

"नावाखाली लांबी लिहावी लागते," बाबा म्हणाले. "आणि लांबीखाली माझी सही."

त्यांनी ती सही अख्खं आयुष्य टाळली होती. खोटा आकडा लिहवत नव्हता आणि खरा लिहिला तर बोट जात होती. मला एकदम त्यांच्या तिरक्या कॅलेंडरांची, फिरवलेल्या पोळ्यांची संगती लागली. एवढी एक गोष्ट सरळ करता येत नाही म्हणून माणूस बाकी सगळं सरळ करत बसला होता. मी म्हटलं, पाव किलोमीटर सापडला आहे, उद्या तो तुम्हालाच दाखवावा लागेल. उठताना ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पाव नेमका भरला?" मी म्हटलं, नेमका. "भरणारच," ते म्हणाले.

शाळेत मोठी माणसं लहान बाकांवर बसली होती, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे छातीशी आलेले. कोणी काही सांगणार का, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. बाबा उभे राहिले. ओळंबा उभा राहिला म्हणताच कुजबुज थांबली. त्यांनी सगळं सांगितलं, क्रमाने, नियम क्रमांकासकट. तहानेचा मुद्दा त्यांनी वगळला. पण बायकांच्या बाकांवरून कप्तानांच्या बायकोने विचारलंच की आणखी पाणी कशाला लागलं होतं, आणि मग सभेला बराच वेळ आवर घालता आला नाही. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. दुकानदारांनी मागून माझ्या खांद्यावर टिचकी मारून म्हटलं, "ताई, साखर घेऊन जा, काटा बघायला नको."

सगळी मिरवणूक मामांच्या अंगणात गेली. अधिकाऱ्यांनी चाक वाटेवरून आत नेलं, विहिरीला फेरी घातली, बाहेर आणलं. आकडा पाहून त्यांचा चेहरा बोट लागल्यापासून पहिल्यांदा माणसासारखा दिसला. त्यांनी तिथल्या तिथे मार्ग काढला. मूळ मोजणी या वाटेवरून झाली असल्याने ही वाट मुळातच महामार्गाचा भाग होती, फक्त नोंदवायची राहून गेली होती. जाणं वेगळं आणि येणं वेगळं मोजायचं तर मध्ये वाहतूक बेट लागतं. विहीर हे वाहतूक बेट. बेटावर आणखी एक बेट झालं म्हणून कप्तान खूश झाले. मामांनी जागा द्यायला एकच अट घातली, की विहिरीपाशी हॉर्न वाजवायचा नाही, कुत्रा झोपतो. अट मान्य झाली. नवऱ्याने मनातल्या मनात बेरीज करून पाहिली आणि मान हलवली. गणिताच्या शिक्षकाकडून याहून मोठी दाद मिळत नाही.

"फक्त एक," अधिकारी विहिरीच्या कठड्यावर कागद ठेवून म्हणाले. "नावाशिवाय नवी लांबी चढवता येत नाही. रस्त्याचं नाव काय?"

सगळं बेट बाबांकडे बघायला लागलं. कप्तानांच्या बायकोने अगदी आवाज न करता सासूबाईंकडे बोट दाखवलं. पण सासूबाईंनी आदल्या दिवशीच घरात बजावून ठेवलं होतं की त्यांचं नाव पाटीवर लागलं, पावसात भिजलं, शेळ्यांनी त्याला अंग घासलं, तर त्या पुन्हा या रस्त्याने चालणार नाहीत. बाबांना ते ठाऊक होतं. त्यांनी घसा खाकरला. खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं.

"विचार करून सांगता का?" कोणीतरी मागून हळूच विचारलं, आणि हसू पसरायच्या आत सासूबाई पुढे आल्या. त्यांनी विहिरीतून काढलेल्या पाण्याचा तांब्या बाबांपुढे धरला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आणि सांगा आता."

बाबांनी तांब्या घेतला. या वेळी त्यांना खरंच तहान लागली असावी, कारण त्यांनी तो पुरा संपवला. मग अधिकाऱ्यांकडे वळून, एकेक अक्षर सुटं करत, सगळ्या बेटाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "लिहा. वळसा महामार्ग."